एकशे चाळीस किलोमीटर अलीकडे

सिएरा ग्रांदे गावाच्या जरा अलीकडे
गाडीनं एक शिंक दिली, बस्स.
मग नुसता वारा.
ओस्वाल्दोनं किल्ली फिरवली,
पुन्हा फिरवली, मग हळूच फिरवली,
झोपलेल्या माणसाला हाक मारावी तशी.
आत काहीतरी मोकळंच गरगरत होतं,
दोर तुटलेल्या रहाटासारखं.

मागच्या सीटवर तादेओ, वय वर्षं सात,
गळ्यात आजोबांची दुर्बीण.
म्हणाला, "इथून दिसतात का देवमासे?"
दिसत होती खुरटी काटेरी झुडपं,
आणि कुंपणापाशी एक ग्वानाको,
आमच्याकडे बघणारा,
नातेवाइकासारखा, लांबून.

टोचा ट्रक आला अडीच तासांनी.
ड्रायव्हरनं अंतर नाही मोजलं, आमचे चेहरे मोजले,
आणि आकडा सांगितला.

सेफेरिनोनं हात पुसले,
आधी फडक्याला, मग पँटला.
"टायमिंग बेल्ट. जाताना व्हॉल्व्हही वाकवून गेलाय.
हेड उतरवावं लागेल.
सामान त्रेलेऊहून येतं, गुरुवारच्या बसनं.
आलं तर."
तुटका पट्टा त्यानं माझ्या हातात ठेवला.
केवढासा! म्हाताऱ्या कुत्र्यासारखे झिजलेले दात.
"साठ हजारांवर बदलायचा असतो, बाई.
तुमचे झालेत सत्त्याण्णव."

ओस्वाल्दो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.
तेव्हा कळलं,
बेल्टचे पैसे बोटीच्या तिकिटांत गेले होते.

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर तयार होतं,
तुझा भाऊ, तुझी आळशी जात, लग्नातली ती मोटरसायकल.
पण ती चिठ्ठी मलाही सापडली होती
निघायच्या आदल्या रात्री, डॅशबोर्डच्या खणात.
'बेल्ट, तातडीनं', खाली दोन रेघा.
मी तिची होती तशी घडी घातली,
वर कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवला
आणि खण लावून टाकला.
मलाही जायचं होतं.
चार वर्षांत आम्ही कुठं गेलो नव्हतो
सासूबाईंच्या इस्पितळाखेरीज.

रात्री पेट्रोल पंपामागच्या खोलीत
हिशेब मांडला तिकिटांच्या पाठीवर.
पुढच्या बाजूला छापलेलं: पैसे परत मिळणार नाहीत.
हॉटेल गेलं, बोट गेली, तादेओचे नवे बूट गेले.
कशीही बेरीज केली तरी उरत होतं
घरापर्यंतचं पेट्रोल
आणि वाटेत सँडविच, तिघांत दोन.

"तुला सांगायला हवं होतं," ओस्वाल्दो म्हणाला.
मी दिवा मालवला.
काही गोष्टींना अंधार बरा.
"चिठ्ठी वाचली होती मी."
तो बराच वेळ गप्प.
मग पलंग थरथरायला लागला.
मला वाटलं, रडतोय.
उशी दातांत धरून हसत होता,
पोर उठू नये म्हणून.

गुरुवारी बस आली, सामान नाही.
शनिवारी सामान आलं, एक गॅस्केट चुकीचं.
तेवढ्यात तादेओला पान्यांचे नंबर पाठ झाले.
सेफेरिनो हात मागे करायचा, न बघता,
आणि हा बरोब्बर तेराचा पाना ठेवायचा.
मजुरीत त्यानं थोडं कमी केलं.
म्हणाला, मदतनिसाचा पगार वळता केला.
थोडंच केलं. तोही बायकापोरांचा माणूस.

सोमवारी गाडी सुरू झाली.
हमरस्त्याच्या तोंडाशी पाटी:
दक्षिणेला समुद्र, एकशे चाळीस.
ओस्वाल्दोनं इंडिकेटर लावला, उत्तरेचा,
आणि रस्ता रिकामा असूनही
बराच वेळ वळला नाही.
तादेओ मागच्या काचेतून दुर्बिणीनं बघत होता.
काही दिसतंय का, आम्ही विचारलं नाही.

पट्ट्याचा तुकडा आता स्वयंपाकघरात आहे,
दोरे आणि मेणबत्त्यांच्या खणात.
काही शोधायला गेलं की हाताला लागतो.
हप्ते अजून तीन बाकी.
देवमासे म्हणे सत्तर सत्तर वर्षं जगतात.
थांबतील.
आधी टायर बदलायचे आहेत.