सहा एमएम

होटगी रोडला मौलालीच्या दुकानात
काउंटरवर फोमचे तीन तुकडे.
एक पांढरा, एक राखाडी, सहा एमएम,
एक काळा, चिकट, डांबराच्या वासाचा.
"पांढरा नको, पाणी पितो.
दार आतनं गंजतंय की."

बापू तीस वर्षं पॉवरलूमवर होते.
आता ऐकू येत नाही.
त्यांनी तिन्ही तुकडे चिमटीत चोळले,
चादरीचं सूत बघावं तसे,
राखाडी पुढं सरकवला.

दुपारभर दारं उघडी, स्क्रू चहाच्या बशीत.

परतताना अक्कलकोट नाक्याच्या खड्ड्यांत
मी मान उडवून विचारलं, कसंय?
त्यांनी दाराला तळहात लावला,
बराच वेळ ठेवला,
पाळी संपल्यावर मागाला ठेवायचे तसा.

"थांबलाय," म्हणाले,
फार मोठ्यानं.