आपण बसत नाही

रात्री अकरानंतर तिकडे दुपार होते
आणि इकडे, फैजपूरला, माझ्या फोनवर
कुठल्यातरी विद्यापीठाला माझं मत हवं असतं.
सात मिनिटं, एकोणचाळीस रुपये.
अकरा मिनिटं, बावन्न.
दिवसा मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तासिका तत्त्वावर,
तेव्हा घड्याळ लावून विकलं जायची सवय आहेच.
फरक इतकाच की हे लोक
मार्चअखेरचं कारण सांगत नाहीत.

आधी चाळणी.
तुमच्याकडे कुत्रा आहे का?
गेल्या वर्षी विमानात किती वेळा बसलात?
दातांना तार? बदामाचं दूध?
'क्षमस्व, या अभ्यासात आपण बसत नाही.'
सुपातून कोंडा उडावा तसा मी उडतो,
ओट्यावर पडतो, पान रिफ्रेश करतो.

आमच्या घरात हे नवीन नाही म्हणा.
बाबांच्या आधीची तीन पोरं राहिली नाहीत,
म्हणून यांना जन्मल्याबरोबर सुपात घालून
उंबऱ्यावरून ओढलं, नाव ठेवलं सुपडू.
मरणाने यादीत ते नाव वाचलं असेल
आणि कळवलं असेल,
क्षमस्व, आपण बसत नाही.

मधेच एक प्रश्न येतो:
'आपलं लक्ष आहे हे दाखवण्यासाठी निळा रंग निवडा.'
मी निळा निवडतो.
वर्गात मी हेच विचारलं असतं तर
मागच्या बाकाने केळीचा भाव सांगितला असता.
'एकंदर आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात?'
एक ते सात.
मी चार लिहितो.
दोन लिहिलं की शेवटी मदतीचा नंबर येतो,
इथून न लागणारा.

परवा एक मोठं काम आलं.
'घरातल्या सत्तरीपुढच्या व्यक्तीला विचारा.'
पंचवीस मिनिटं, दोनशे दहा रुपये.
बाबा अंगणात बाजेवर, जागेच.
रस्त्याने रावेरकडून केळीच्या गाड्या.
"कोन इचारू ऱ्हायलं?"
एक बाई आहे, संशोधन करते.
"आपल्याले ओयखते का?"
नाही.
"मंग इचार."

गेल्या आठवड्यात आपल्याला एकटं वाटलं का?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.
"जास्त पैसे कशाले हायेत?"
सगळ्याला सारखेच.
"क्वचित आन कधीकधी, यायच्या मधी काय नाही?"
नाही.
"मापात खोट हाये मंग त्यायच्या."
एकतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होते,
छटाकभर इकडेतिकडे झालं तर झोप लागत नसे.
म्हणून ते दिवस मोजायला बसले,
एकेक वार बोटाच्या पेरावर ठेवून.

"सोमवारी नाही.
मंगयवारी लाइट गेली, तवा थोडं.
बुधवारी तू आला, जेवला, फोन घेऊन बसला.
तवा."
वर कोपऱ्यात चौदा मिनिटं उरलेली,
मग नऊ.
"गुरुवारी तसंच."
मी काही निवडलं नाही.
कुठलं निवडायचं ते कळत होतं,
म्हणूनच.

गाड्या जात राहिल्या.
पडदा पांढरा झाला आणि लिहून आलं,
वेळ संपली,
आपली जागा दुसऱ्या सहभागीला देण्यात आली आहे.
"भेटले का पैसे?"
भेटतील, म्हटलं.
"शुक्रवार राह्यला ना अजून."
ते पुढच्या पेरावर येऊन थांबले होते.
सांगा, म्हटलं. फोन बाजेखाली सरकवला.
"शुक्रवारी काही नाही.
शुक्रवारी सावद्याले गेलतो, म्हशी पाहाले."

आमच्याकडे गोठा नाही. कधीच नव्हता.
घेतली का?
"घेतली कशाले? पाह्यल्या फक्त."
आणि मग कितीतरी वेळ
एका म्हशीच्या शिंगांबद्दल सांगत राहिले.