जशी होती तशी

भोसरीतल्या त्या लेथचं दुखणं विचित्र.
दोन-दोन दिवस निमूट चालायचा
आणि तिसऱ्या दिवशी, जॉब अर्ध्यावर असताना,
थिजायचा.
ऑपरेटर पवळे फोनवर म्हणायचा,
"साहेब, तुमचं मशीन परत विचारात पडलं."

मी सातारा रस्त्याच्या गाळ्यात, रात्रभर,
कर्नलच्या ओळी उपसत.
खालच्या प्रेसमधल्या शाईचा वास जिन्यात तसाच.

तांबोळी मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं:
प्रोसेसरला कुणीही हाक मारतं.
घड्याळ मारतं, सेकंदाला हजारदा.
एन्कोडर मारतो. नेटवर्क तर उगाचच.
आणि हा भला माणूस हातातलं टाकून उठतो.
म्हणून साखळीचा एक दुवा सुटलाय,
दुसरा अजून हाती लागला नाही,
तेवढ्यापुरती कडी लावून घ्यायची. इंटरप्ट बंद.
तेवढ्यापुरतीच हं.
पाय पसरून बसलात, तर बाहेर घड्याळ ओरडून जाईल
आणि आत कुणाला कळणारही नाही
की वेळ पुढे गेली.

आणि कुलूप घेतलंत पण कडी विसरलात, तर?
मग मध्येच कुणीतरी घुसतो,
ज्याच्या खिशात किल्ली त्यालाच झोपवतो
आणि त्याच्या उशाशी बसून
किल्लीची वाट बघतो.
मॅडम हसल्या नव्हत्या हे सांगताना.

चूक पहाटे तीनला सापडली. माझीच.
मार्चमध्ये लिहिलेलं फंक्शन, अकरा ओळींचं.
येताना कडी लावायची, जाताना काढायची.
काय शिस्तीचं वाटलं होतं तेव्हा!
एवढंच विचारायचं राहिलं होतं,
की मी आलो तेव्हा
कडी आधीच लागलेली होती का?
माझ्याआधी कुणी, काही नाजूक हातात धरून,
ती लावून घेतली होती का?
मी आपलं काम उरकलं
आणि शहाण्यासारखं दार सताड उघडून निघून गेलो.

स्क्रीनसमोर बसल्या बसल्या धनकवडीची दुपार आठवली.
बाबा, एकतीस वर्षं लेथवर, कान तिथेच ठेवून आलेले,
खाटेवर पेपर वाचत.
कानातलं यंत्र टीपॉयवर, डबीत.
आई गॅलरीत, मिरजेचा फोन.
मी म्हटलं, हे काय, असे काय बसलात,
आणि यंत्र त्यांच्या कानात बसवलं.
मायेनंच की.
बारीक शिट्टी वाजली, आणि गॅलरीतून
आईचं वाक्य आत आलं, अर्धंमुर्धं:
"...यांना नाही अजून सांगितलं, वन्संचं..."

बाबांनी पेपरची घडी घातली.
मला विचारलं, "कधी गेली?"

आत्या गेली नव्हती. रिपोर्ट आला होता फक्त.
त्यानंतर ती पाच महिने जगली,
लिंबाच्या लोणच्याची बरणीसुद्धा पाठवली तिनं.
पण बाबा तिच्याशी फोनवर बोलायचे
ते फोटोशी बोलावं तसे.
यंत्र आईनंच काढून घेतलं होतं,
चार्जिंगचं निमित्त करून.
वाक्य जुळवायला
तिला दहा मिनिटं हवी होती.

दुरुस्ती दोन ओळींची.
आत शिरताना कडीची स्थिती टिपून घ्यायची,
निघताना टिपण बघून
जशी होती तशी करायची.
उघडी तर उघडी. लावलेली तर लावलेली.
मॅडमनी वाचलं, म्हणाल्या, "हं."
पवळेचा एकोणीस दिवस फोन नाही.

रविवारी धनकवडीला गेलो.
टीपॉयवर डबी, झाकण लावलेलं.
बाबा शब्दकोडं सोडवत होते.
मी आधी आईकडे पाहिलं.