शेरा

विश्रामबागच्या चौकात, पतपेढीच्या पायरीसमोर
चुन्यानं मारलेली एक रेघ.
ती ओलांडील ते वाहन.
अलीकडं उभं असेल ते अजून कुणी नाही,
असं मगदूम साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

पंधरा मिनिटांना एक चौकोन.
चार उभ्या, पाचवी आडवी.
दहावीला गणितात राहिलेली मी
आठ तासांत पाच हजारांच्या वर जाते.
मोटार म्हणजे एक, बाकी सगळं तिच्या मापानं:
दुचाकी अर्धी,
बैलगाडी म्हणजे आठ मोटारी.
हे वाचून हसले होते.
मग कारखान्याकडं निघालेली एक समोरनं गेली,
बैलांच्या तोंडाला फेस, उसावर पालथं झोपलेलं पोर,
आणि मागं खरंच आठ,
मी बोटानं मोजल्या.

पहिला आठवडा रात्रपाळी.
चार ते सव्वाचार: शून्य.
एक कुत्रं रेघेवर येऊन लोळलं
आणि पाठीला चुना लावून गेलं.

सोमवारपासनं संध्याकाळ.
सहाला वळताना ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचा हूक निसटला.
सहा दहाला मिरजेहून आलेली एसटी तिला भिडली,
एसटीच्या दोन्ही अंगाला रिक्षा,
मग दुचाक्या,
सरीत पाणी सोडल्यावर भेगाभेगांत शिरावं तशा.
भडंगवाला गिरमल डोक्यावर पाटी घेऊन
बॉनेटांमधनं वाट काढत विकत होता.
त्याचा हात थांबत नव्हता.
माझं पेन थांबलं होतं.
रेघ एका पांढऱ्या मोटारीच्या पोटाखाली,
आणि तिच्यावरनं काहीच जात नव्हतं.

सव्वासहा ते साडेसहा: शून्य.
साडेसहा ते पावणेसात: शून्य.

कागदावर अगदी पहाटेसारखं.
तेवढाच कोरा चौकोन,
फक्त कुत्रं नाही.

"झोपलीस काय गं?" साहेब फोनवर.
मी फोन चौकाकडं धरला.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत,
किंवा बोलले असतील, ऐकू आलं नाही.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथं पाऊस, मोर्चा, वरात असं काही लिहितात.
मी लिहिलं:
एकही गेलं नाही.
सगळी इथंच आहेत.

नऊला पाळी सुटली.
रेघ टायरांनी निम्मी पुसलेली.
ती ओलांडून घरी निघाले,
स्वतःला धरलं नाही.
पायी माणसांचा कागद वेगळा असतो,
तो पुढच्या महिन्यात.