पुन्हा मोज

आपण जिला कोयरी म्हणतो
तिला इंग्रजीत या गावाचं नाव आहे, पेझली.
आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
म्हणजे तू पदरावर राहतेस.

पदरावर नाही, गिरणीत.
इथं शिवायचं सूत निघायचं, रिळांवर, जगभर जायचं.
आता खांबांना पांढरा रंग दिलाय,
तिसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण
आणि एक कॉफीचं मशीन, जे शुक्रवारी रुसतं.
थ्रेड अजूनही आहेतच,
फक्त बोटांना लागत नाहीत.

माझं काम असं:
चालत्या प्रोग्रॅमला डीबगर लावायचा
आणि बघायचं, सगळे थ्रेड थांबले का.
सगळे.
एखादा जरी सुटला
तरी तो थांबलेल्यांच्या ताटातलं उचलतो,
आणि मग दुपारभर आपण विचारत बसतो
ही किंमत इथं कुणी लिहिली.

ड्युगलचा कोड सरळ आहे, त्याच्यासारखाच.
यादी घे. एकेकाला थांबव.
पुन्हा यादी घे. नवा कुणी नाही?
मग झालं, चल जेवायला.

माझा टेस्ट मात्र मुद्दाम वाह्यात लिहिलाय.
त्यातला प्रत्येक थ्रेड
जन्मतो, दुसऱ्याला जन्म देतो, मरतो,
सगळं मिलिसेकंदाच्या आत,
बारसं नाही, सुतक नाही.
यादी वाचणारा खालच्या ओळीवर येईतो
वरच्या ओळीतली माणसं बदललेली.

सहा हजार दोनशे तेरा वेळा पास.
सहा हजार दोनशे चौदाव्या वेळी
सगळे गप्प, आणि काउंटर एकाने पुढे सरकला.
ड्युगल म्हणाला, मशीनचा मूड असेल.
मी म्हटलं, मशीनला मूड असता
तर मी इतकी एकटी पडले नसते.
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

मी मध्ये एक ओळ छापून पाहिली,
कोण सुटतंय ते दिसावं म्हणून.
छापायला लागला जरासा वेळ,
तेवढ्यात सगळे शहाण्यासारखे वागू लागले.
ओळ काढली. पुन्हा सुटला.

आई स्वेटर विणायची तेव्हा
टाके मोजताना डावं बोट वर करायची,
म्हणजे थांब, आत्ता नाही.
कुणी बोललंच तर पुन्हा पहिल्या टाक्यापासून.
चिडायची नाही. नुसती परत सुरू करायची.
मध्ये बोलणारी बहुतेक मीच असायचे,
एकशे अठ्ठावीसवर आलेली ती
माझ्या भुकेपायी एकवर जायची.

एकदा नीट मोजून झालं
तरी ती म्हणायची, परत.
आकडा बरोबर आला म्हणून नाही,
मध्ये कुणी बोललं नाही
याची खात्री व्हावी म्हणून.

चार वाजता खिडकीबाहेर अंधार,
कार्ट नदीचा नुसता आवाज.
मी ड्युगलच्या कोडात फार काही केलं नाही.
एक रिकामी फेरी पुरेशी नाही, इतकंच लिहिलं.
लागोपाठ चार फेऱ्या रिकाम्या गेल्या तरच थांब,
मधल्या एकीतही कुणी दिसलं
तर मोजणी शून्यावर.
चारच का, असं तो उद्या विचारेल.
माझ्याकडे उत्तर नाही. तीनला एकदा फसला.

रात्रभर चालेल असा टेस्ट लावला.
बाकीचे केव्हाच गेले होते.
आकडे वर सरकताना बघत मी बसले,
कोट अंगात, बॅग मांडीवर, न हलता,
आणि दिवे गेले.

इथले दिवे हालचाल बघून ठरवतात
खोलीत कुणी आहे की नाही.
त्यांनी मोजलं होतं. नव्हतं कुणी.

अंधारात मी डावं बोट वर केलं.
लागले नाहीत.
मग अख्खा हात हलवला.