मॉरीन

लिहितात कीगली, म्हणतात कीथ्ली.
या गावानं पहिला धडा तोच दिला:
दिसतं त्यावर जाऊ नकोस.
दुसरा दिला क्लिफर्ड सग्डननं,
शाळेच्या बॉयलरशेजारच्या खोलीत,
बादल्यांमागच्या यंत्राकडे बोट दाखवून:
‘ही मॉरीन. हिच्याशी भांडायचं नाही.’

मी मनात हसले.
इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेली बाई मी,
फरशी चकाकवायचं हे एवढंसं धूड मला काय शिकवणार?
दोन्ही मुठींत दांडा आवळला, खटका दाबला,
आणि मॉरीननं मला फरफटत नेलं
थेट बक्षिसांच्या कपाटापर्यंत.
पोचा अजून आहे, खालच्या फळीला, डावीकडे.
क्रिकेटचा एक पेला तेव्हापासून कलून उभा असतो.

‘सोड!’ क्लिफर्ड ओरडत होता, ‘हात सोड!’
सोडला असता तर ती जागच्या जागी थांबली असती.
पण घाबरलेलं माणूस अधिकच घट्ट धरतं.
मी तर एकवीस वर्षं बरंच काही
असंच धरून होते.
ते असो.

यारिना, उद्यापासून तू एकटी.
माझं इंग्रजी तुटकं, तुझं त्याहून, तरी ऐक.
दांडा जरासा उचललास की ती उजवीकडे जाते,
जरासा दाबलास की डावीकडे.
जरासा म्हणजे किती?
भाकरी तव्यात टाकताना मनगट वळतं, तेवढा.
तुमच्याकडे काय थापतात ठाऊक नाही,
पण मनगट सगळीकडे सारखंच.

प्लग लावण्याआधी वायर चिमटीतून ओढून बघ,
अख्खी, उवा शोधताना केस बघतात तशी.
कुठं चीर दिसली, तांब्यानं डोळा मारला,
तर त्या रात्री फरशी मळकी राहू दे.
चिकटपट्टी लावू नकोस.
चिकटपट्टी खोटं बोलते.

वायर खांद्यावरून पाठीमागे सोड;
पुढे आली तर ती आपलीच वायर गिळते.
स्कार्फ काढ. केस वर बांध.
पिवळी पाटी आधी, पाणी नंतर;
उलट केलंस तर पहिली घसरणारी तूच.
पॅड बदलायचा तर प्लग काढूनच,
आणि प्लग प्लगला धरून काढायचा,
मांजर कुणी शेपटीनं उचलत नाही.
लाल पॅड रोजचा.
काळा फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, जुनं मेण खरवडायला.
(एकदा घाईत मी काळा लावला.
हॉलभर वर्तुळं उठली. हेडबाई तीन दिवस
माझ्याशी फक्त हवामानावर बोलल्या.)

लहानपणी मी जमीन सारवायचे,
हाताच्या पोचेएवढ्या चंद्रकोरी काढत,
मागे मागे, दारापर्यंत.
सारवण आणि सराव, आमच्या भाषेत
हे शब्द शेजारी राहतात.
इथंही तसंच, दाराकडे मागे मागे सरक,
नाहीतर स्वतःच्याच चकाकीत
अडकून पडशील.

शेवटी तिला मागच्या चाकांवर कलती कर.
पॅडवर उभी ठेवलीस तर पॅड रात्रभर दबतो
आणि दुसऱ्या दिवशी ती लंगडते.
पॅड कोमट पाण्यात धू, उभा वाळव.
कंटाळा येईल. तरी धू.

मे महिन्यात हॉलमध्ये मतदान होतं.
क्लिफर्ड आला काठी टेकत,
पेटीत कागद टाकला, आणि परत फिरताना थबकला.
फरशीत ट्यूबलाइट लांबलचक झोपले होते,
त्यांच्यात त्याच्या काठीचं रबरी टोक.
‘नॉट बॅड,’ म्हणाला.
या भागात याहून मोठी पदवी देत नाहीत.

मग कपाटाकडे बघत:
‘तो पेला अजून वाकडाच?’
‘अजून.’
‘सरळ करू?’
मी म्हटलं, राहू दे.