दहा मिनिटं

नारिनच्या वरच्या अंगाला नेटवर्क येतं
ते फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं.
तिथं उभी राहून, एका हाताचा मोजा काढून
मी उतरवून घेते जगभरच्या शहाण्यांची पानं.
अपूर्णांकांसाठी पिझ्झा असतो त्यात;
इथं कुणी पाहिलाय?
मी तंदूरच्या नानावर भागवते.
आणि 'मुख्याध्यापकांसाठी वेळेचं नियोजन',
जे उघडायला अजून वेळ झालेला नाही.

काल तेमिरकुल आला, घोडा कुंपणाला बांधून.
'बाई, पालकांसाठीही काही असतं म्हणे?'
दिलं छापून. शाई संपत आलेली, अक्षरं राखाडी.
त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा,
मग माझ्याकडं न बघता
लेकीच्या हातात दिला.

आयझाना वाचू लागली, ओळीखाली बोट सरकवत:
'रोज दहा मिनिटं… आपल्या… पाल्याला…
बाई, पाल्य म्हणजे?'
'तू.'
'…पाल्याला जवळ बसवून वाचन करावे.'
उंच टोपी मांडीवर घेऊन तो ऐकत राहिला.
बाहेर घोडा दोनदा फुरफुरला.

सातव्या सूचनेशी ती पोचली
तेव्हा मी घड्याळ बघितलं.
अकरा झाली होती.

'आठवी उद्या,' तो म्हणाला,
आणि टोपी घातली.